साहेबांसाठी प्रार्थना

प्रयागबाई जरीपटका बाजारामागच्या आमच्या वस्तीत राहत आणि सरकारी दवाखान्यात आया होत्या. कामावर कुणाच्या अध्यातमध्यात नसत. रविवारी मात्र पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात त्यांना कंठ फुटे. ती पेन्टेकॉस्टल पंथाची ख्रिस्ती मंडळी. सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करत, आणि त्या गलक्यातही बाईंचा आवाज ओळखू येई.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पास्टरांनी उपदेश केला, की अधिकाऱ्यांना शिव्या घालू नका, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. बाईंनी ते फारच मनावर घेतलं. वस्तीचा एकुलता नळ दोन महिने कोरडा होता आणि अर्ज देऊन लोक थकले होते. पुढच्या रविवारी लाऊडस्पीकरच्या माइकसमोर त्यांनी हात वर केले.

"हे प्रभू, पाणी खात्याच्या केशवराव देशकर साहेबांले चांगली तब्येत दे. त्यांच्या स्कूटरले आमच्या वस्तीचा रस्ता दाखव. आमचे चार अर्ज त्यांच्या टेबलावर उजव्या बाजूला पेपरवेटखाली आहेत. तेवढे त्यांच्या नजरेस पडू दे."

असे तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी बाजारात आलेल्या प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, ते ऐकलं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, की पेपरवेट खरंच उजव्या बाजूला असतो का.

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत वस्तीत आले. बदनामीची फिर्याद करीन म्हणाले. पास्टर घाबरले आणि यापुढे नाव न घेण्याचं कबूल करू लागले. बाईंनी साहेबांना खुर्ची दिली.

"मी तक्रार कुठं केली, साहेब? तुमच्यासाठी प्रार्थना करून राहिली. नाव नाही घेतलं, तर देवाले कसं समजन कोणता साहेब?"

साहेब खुर्चीवरून उठले. उन्हात आलोच आहोत, तर नळ बघून घ्यावा, असं त्यांनी ठरवलं. रस्त्याच्या नव्या डांबराखाली व्हॉल्व्हच गाडला गेला होता. आठवड्यात पाणी आलं.

मग शेजारची हिंदू, बौद्ध मंडळीही चिठ्ठ्या घेऊन येऊ लागली: कुणाचं रेशनकार्ड, कुठला विजेचा खांब. निवडणुकीला उभे असलेले रुपरावही विजयासाठी प्रार्थना मागायला आले. बाईंनी ते खरं बोलोत अशी प्रार्थना केली. ते पुन्हा फिरकले नाहीत.

देशकर मात्र आता अर्ज आला की पहिले आमच्याकडे येत. दोन वर्षांनी त्यांनीच संकोचत बाईंना विनंती केली, की वर्ध्याला बदली हवी आहे, जरा प्रार्थना करा. बाईंनी मनापासून केली. बदली काही झाली नाही. साहेबांनी नाराजीने कारण विचारलं, तेव्हा बाई ओशाळल्या.

"मी एकटीच मांगून राहिली होती, साहेब. बाकी सारी वस्ती तुम्ही इथंच राहावं म्हणून उपास करून राहिली होती."