काल म्हणजे उद्या

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आणि रोज ज्या देवापुढं हात जोडतो त्यालाही मोघमच. उलट याच गोष्टीचा खोटा अवतार मी धारच्या मराठी पंगतींतून इतका रंगवून सांगितला, की लोक हसून हसून ताटावर वाकले. तो विनोद आधी ऐका, म्हणजे माझी लायकी कळेल.

मी तेव्हा संस्थानच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. डॉक्टरसाहेब नुकतेच पुण्याकडून आलेले. सुंदरबाई नावाची माळीण आपल्या मुलीला, रुकमाला, घेऊन आली. बैलाचं शिंग लागून पोरीचा गाल फाटला होता – जखम वरवरची, पण चांगली लांब. साहेबांनी पागेतून आणवलेला घोड्याच्या शेपटीचा केस उकळून घेतला, सुईत ओवला, आणि असे बारीक टाके घातले की मी पाहतच राहिलो. मग मला बजावलं, "चेहऱ्यावरचा टाका म्हणजे पाहुणा. पाचव्या दिवशी निघालाच पाहिजे, नाहीतर घर करून बसतो." चौथ्या दिवशी साहेब महाराजांच्या स्वारीबरोबर दौऱ्यावर गेले. काम माझ्यावर सोपवून.

टाके राहिले. साहेब परतले तेव्हा केस मांसात रुतलेले, भोवती पू. ते काढले, पण सरळ रेघेला दोन्हीकडून पाय फुटले होते, गालावर गोम बसावी तसे. साहेब कडाडले. मी म्हणालो, "साहेब, पाचव्या दिवशी ती बाई मला बाजारात भेटली. टाके कधी, असं विचारलं तर म्हणाली, 'काल'. मला वाटलं, काल आपणच काढून गेलात. या लोकांत उद्यालाही कालच म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही!"

साहेब हसले. त्यांना इथली माळवी बोली कुठून येणार? पण मला? मी धारमध्येच जन्मलो, माळवी पोरांबरोबर विटीदांडू खेळत वाढलो. मला 'काल' कळत नव्हतं? सुंदरबाई तेव्हापासून आमच्या मराठी मंडळींत 'कालबाई' झाली. वार माहीत नसलेली खुळी. ती भाजी घेऊन दारात आली की पोरंटोरं विचारायची, "कालबाई, आज कोणता वार?" ती खाली बसून वांगी मोजून देई.

आता खरं सांगतो – सांगायला बसलो आहे तर चालढकल कशाला?

बाजारात कुणी भेटलंच नाही. पाचव्या दिवशी सकाळी सुंदरबाई रुकमाला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. मी नवी पगडी, जरीचं उपरणं घालून बाहेर पडत होतो. टांगा उभा होता. देवासला माझ्यासाठी मुलगी पाहायची होती. टाके काढायला विडा चघळण्याइतका वेळ लागला असता. पण हात कार्बोलिकच्या औषधात बुडवावे लागतील, वास राहील, उपरण्याला डाग पडेल – एवढंच. दुसरं काहीही नव्हतं.

"काल या," मी म्हणालो. होय, मीच म्हणालो. तिच्या भाषेत. आणि उद्याही मी देवासच्या वाटेवरच असणार हे मला ठाऊक होतं.

"काल पक्को नी, भिया?" तिनं विचारलं.

"पक्कं," मी म्हणालो, आणि टांग्यात चढलो.

देवासला मी त्या मुलीचा चेहरा उजेडाकडं वळवायला लावून निरखला. नितळ होता. पसंत केली. साखरपुडा उरकूनच निघा, असा आग्रह झाला, आणि मी जिलब्या खात राहिलो. इकडं त्या मायलेकी रोज येऊन बंद दारापाशी बसत होत्या. रुकमाचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढं एका बिजवराला दिली. सुंदरबाई कालबाई म्हणूनच मेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

काल मी रुकमाच्या दारी गेलो. तीही आता केस पिकलेली. गजरे ओवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं – पगडी, टांगा, विनोद. तिनं सुईवरून नजर वर केली नाही.

"म्हारे मालम है, भिया," ती म्हणाली. "म्हूं वां ज ऊबी थी."

तिथंच उभी होती! इतकी वर्षं मी जे जपत बसलो, ते तिच्यापासून लपलेलं कधी नव्हतंच. खरं ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्या मराठी माणसांना. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, घरी येताना मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. रात्री पडल्या पडल्या झोप लागली.

म्हणून हे मराठीत लिहितो आहे. जे जे हसले, त्यांच्यासाठी. सुंदरबाईला वार बरोबर ठाऊक होता. ती अगदी ठरल्या दिवशी आली होती.