कडी आतून लागते का?

बातमी आली तेव्हा मी सीताबर्डीच्या बाजारात एका ठेल्यासमोर फोनच्या कव्हरचा भाव करत उभी होते. कुंदाताईंच्या कार्यालयाची गाडी चालवणाऱ्या दिनेशभाऊंचा फोन आला. "ताई, कुंदाताई गेल्या ना..." मी त्यांच्यावर ओरडले, "काहीही बोलू नका, सकाळी मेसेज आला मला त्यांचा!" ठेलेवाल्याला वाटलं मी त्याच्यावर चिडले, त्यानं घाईघाईनं वीस रुपये कमी केले. पलीकडे दिनेशभाऊ रडत सांगत होते. समितीसमोर एका मुलीची केस होती. कुंदाताई फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आतून नाव पुकारलं, परत पुकारलं. शेजारी बसलेली ती मुलगी म्हणाली, "मॅडम झोपल्या." बावन्न वर्षांच्या होत्या त्या. आज पाच आठवडे झाले आणि मी अजून त्या बाकापाशीच उभी आहे...

कुंदाताई समुपदेशक होत्या. ज्या मुलांना घर उरलं नाही, किंवा ज्यांना घरातच धोका आहे, त्यांच्यासाठी जागा शोधायची, त्या जागेची चौकशी करायची आणि मुलांच्या ताब्याचा निर्णय घेणाऱ्या समितीला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. माहेर सावनेरकडचं आणि बोलणं शेवटपर्यंत तिथलंच. कार्यालयात कुणी त्यांच्या भाषेला हसलं तर म्हणायच्या, "साहेबासमोर शुद्ध बोलते ना मी. पोट्ट्यांसमोर शुद्ध बोलली तर ते मले साहेब समजतीन."

आमची ओळख भांडणातून झाली. कोरोनाची दुसरी लाट होती. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील कामगार संघटनेतले, त्यामुळे आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रक यायचं. काही खटकलं की पत्रक काढायचं, हे मला श्वासासारखं होतं. त्या दिवसांत मला खटकली होती समितीची फोनवरची सुनावणी. कायदा सांगतो की आधाराविना सापडलेलं मूल चोवीस तासांत समितीसमोर प्रत्यक्ष उभं राहिलं पाहिजे. का? तर मुलाच्या अंगावरचे वळ कागदावर दिसत नाहीत. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस त्याचा दंड किती घट्ट धरून आहे, हे फोनच्या पडद्यावर दिसत नाही. "मूल म्हणजे मोबाइलवरचं चित्र नव्हे" असं पत्रक मी काढलं आणि कार्यालयाच्या फाटकावर वाटायला गेले. कुंदाताई बाहेर आल्या. डोळ्यांखाली सगळं मास्कमध्ये. पत्रक घेतलं आणि आधी त्याच्यावर सॅनिटायझर फवारलं. शाई फुटली. माझ्या डोळ्यांसमोर माझा तिसरा मुद्दा निळ्या डागात विरघळला.

"चांगलं लिहिलं वं," ओला कागद दोन बोटांत धरून त्या म्हणाल्या. "आता मले सांग, आज दोन पोट्टे आहेत खापरखेड्याचे. माय परवा गेली. बाप नागपूरले ऑक्सिजनवर आहे. पोट्टी आठ वर्षांची, पोट्टं दोन वर्षांचं. आज त्याइले कुठी झोपवू, ते याच्या कोणत्या मुद्द्यात आहे?"

मी म्हणाले, "नातेवाईक. कायद्यात आधी कुटुंब येतं, संस्था शेवटी."

"काका आहे सावनेरले. सकाळीच बोलली मी त्याच्यासंग. म्हणे, पोट्ट्याले ठेवतो, पोट्टीचं तुम्ही पाहा." मग त्यांनी व्हरांड्यातल्या एका खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस तिथं, दूर. आणि पाहून घे."

मी बसले. त्या दिवशी मी जे पाहिलं ते या लेखात लिहिते आहे. मुलांची नावं मात्र वेगळी आहेत. नावं सांगू नका असं कायदा म्हणतो, आणि हा कायदा मला मान्य आहे. मुलीला साक्षी म्हणू, भावाला गोलू.

अडचण अशी होती. लहान मुलांची संस्था वेगळी, मोठ्या मुलींची वेगळी. संस्थेत पाठवायचं तर गोलू एका दारानं जाणार, साक्षी दुसऱ्या. दोघांनाही चौदा दिवस एकेकटं ठेवणार. आणि गोलू आई गेल्यापासून फक्त बहिणीच्या हातून खात होता. काकाकडे पाठवायचं तर गोलू जाणार, साक्षी राहणार. फाइल नियमात बसत होती, पण कोणत्याही वाटेनं ही दोघं एका घरात राहत नव्हती. बाप वाचला नाही तर पुढे काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. "एकदा दोन फाइली झाल्या का भावंडं कागदावर एकमेकांचे राहत नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. "मंग कोणी शोधत नाही त्याइले."

मुलांच्याच वस्तीत शेवंताबाई होत्या, निवृत्त अंगणवाडी सेविका, एकट्या राहणाऱ्या. दोन दिवसांपासून मुलांना त्याच जेवू घालत होत्या. अडचणीच्या वेळी नातेवाइकाशिवाय दुसऱ्या योग्य माणसाकडे मूल तात्पुरतं सोपवता येतं. पण त्याआधी घरी जाऊन चौकशी हवी, आणि वस्ती बांबू बांधून बंद केलेली. कुंदाताईंनी फोन लावला तो शेवंताबाईंना नाही, त्यांच्या शेजारणीला. तिचं नाव रेखा. "ज्याचं घर पाहायचं त्याच्या हातात फोन द्यायचा नाही," त्या मला म्हणाल्या. "तो चांगलाच कोपरा दाखवते. शेजारीण सगळं दाखवते." आणि रेखानं खरंच सगळं दाखवलं, आधी स्वतःची हनुवटी.

"उलटा धरला वं फोन! मले तुझं नाक नाही पाहायचं."

"आवं मॅडम, हे घ्या. हे पाहा शेवंताबाईचं सैपाकघर. डबे पाहा, घासलेले आहेत. माह्या घरचे नाहीत असे."

"डबा उघड. पीठ आहे का?"

"आहे ना. काहून, तुम्ही जेवाले येऊन राहिल्या का?"

मागून शेवंताबाईंचा आवाज आला, "येऊ दे ना त्याइले, पोळ्या टाकते!" तिघी हसल्या. मी हसले नाही. मला तो तमाशा वाटत होता. मग कुंदाताईंनी पोरगी कुठं झोपणार ते पाहिलं, खिडकी पाहिली, आणि म्हणाल्या, "आता न्हाणी दाखव. दार लाव. कडी आतून लागते का?"

कडी नव्हती. दाराला आतून सुतळीचा फास होता, खिळ्याला अडकवायचा.

"एकटीच राहते ना मी," शेवंताबाई ओशाळून म्हणाल्या, "मले कोण पाहते?"

"आता एकट्या नाही राहणार तुम्ही. घरात पोट्टी येऊन राहिली. कडी लावा, मंग मी अहवाल लिहिते." फोन ठेवला. तासाभरात रेखाच्या नवऱ्यानं कडी ठोकली. कुंदाताईंनी परत फोन लावून ती सरकताना पाहिली, दोनदा. संध्याकाळी समितीची फोनवर बैठक झाली आणि दोन्ही मुलं एकाच आदेशानं शेवंताबाईंकडे गेली.

आणि मी काय केलं? मी तक्रार केली. मूल प्रत्यक्ष पाहिलं नाही, घर प्रत्यक्ष पाहिलं नाही, नातेवाईक असताना परक्या बाईकडे ताबा दिला, चौकशी शेजारणीच्या फोनवर. चार मुद्दे, खाली माझी सही, वरच्या कार्यालयाला रवाना. एकही मुद्दा खोटा नव्हता. मला अभिमान वाटला होता त्या पत्राचा. उत्तर आलं नाही. मी समजले की फाइलखाली गेलं असेल, आणि दुसऱ्या लढाईला लागले. कुंदाताई आजारी असल्याचं मध्ये कानावर आलं. तेव्हा कोण आजारी नव्हतं...

साक्षीचा बाप वाचला. पाच आठवड्यांनी तो घरी आला, खांद्याची हाडं शर्टातून दिसावीत असा. कार्यालयाच्या फाटकावर कुंदाताईंनी दोन्ही मुलं त्याच्या हवाली केली. मी लांबून पाहत होते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. कुणी कुणाला हात लावला नाही, फक्त गोलूनं बापाच्या पायाला मिठी मारली. नंतरचा पाठपुरावा दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे गेला आणि वर्षभरात केस बंद झाली.

त्या दिवसानंतर मी कुंदाताईंकडे जात राहिले. पाच वर्षं. मी वकील झाले, मुलांच्या केसेस घेऊ लागले, अडले की त्यांना विचारायचे. त्या मला "पत्रकवाली" म्हणायच्या. "काहून वं पत्रकवाली, आज कोणाले फासावर लटकवलं?" जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "वय झालं वं." एकदा मी वैतागून म्हणाले, आता नाही लिहीत मी, काही उपयोग नाही. त्या एकदम चिडल्या. "लिहीत जा! कोणीतरी बोंबललं पायजे. नाही तर आमाले सोपं तेच बरोबर वाटाले लागते."

तेराव्या दिवशी त्यांचे यजमान मधुकरकाका यांनी मला आत बोलावलं. कपाट आवरताना एक पाकीट सापडलं होतं. "तुझं नाव आहे याच्यात, म्हणून ठेवलं." आत माझी तक्रार होती. तिच्या आधारावर कुंदाताईंना आलेली कारणे दाखवा नोटीस होती. आणि त्यांनी पाठवलेल्या उत्तराची हातानं लिहिलेली प्रत. उत्तर चार ओळींचं. "तक्रारदाराचे म्हणणे बरोबर आहे. मी मुले व घर प्रत्यक्ष न पाहता अहवाल दिला. आज प्रत्यक्ष जाऊन पाहिले. मुले एकत्र आहेत व जेवतात."

मी काकांकडे पाहिलं. "गेल्या होत्या त्या? बंद वस्तीत?"

"मीच नेलं स्कूटरवर. अंगावर ते प्लास्टिकचं चढवलं, डोळे तेवढे दिसत होते. मले बांबूपाशी उभं केलं. घर समोरच होतं, मी तिथूनच पाहत होतो. त्या पोट्टीले न्हाणीत पाठवलं, म्हणे कडी लाव. मंग हिनं बाहेरून दार ढकललं. खांदा लावून ढकललं. नाही उघडलं. येताना लय खूश होती. चौथ्या दिवशी ताप आला. बारा दिवस दवाखान्यात होती."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कुणी?"

"ती म्हणे, सांगू नका त्या पोरीले. लिहिणं सोडून देईल ती."

मी त्यांच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. पाच वर्षांपूर्वीचा तो आजार आणि बाकावरचा तो मृत्यू, यांचा काही संबंध? ते म्हणाले, थेट सांगता येत नाही. तो "थेट" शब्द घेऊन मी घरी आले. माझं तत्त्व चुकलं नव्हतं, हे मी आजही लिहिते. मूल प्रत्यक्षच पाहिलं पाहिजे. त्यांनाही ते मान्य होतं, म्हणून तर त्या गेल्या. पण मी ज्या संध्याकाळी ते पत्र लिहिलं, त्या संध्याकाळी ती दोन मुलं कुठं झोपावीत, याचं उत्तर माझ्या चार मुद्द्यांत नव्हतं. ते मी शोधलंही नव्हतं. हे मला कुणीतरी माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. सांगणारी एकच होती.

मागच्या आठवड्यात शोकसभा झाली. टेबलावर हार घातलेला फोटो होता, कुठल्याशा सहलीतला, दातावर दात आलेलं मोकळं हसू. ज्या अधिकाऱ्यांच्या सहीनं नोटीस निघाली होती, तेच पहिले बोलले. कुंदाताईंनी कायम नियमाच्या चौकटीत राहून काम केलं, असं म्हणाले. नोटीस माझ्या पिशवीत होती. मी ती बाहेर काढली. उठणार होते. सगळं वाचून दाखवणार होते, त्यांची सही आणि माझीही.

तेवढ्यात मागच्या दारातून तिघं जण आत आले. खापरखेड्याहून बसनं आले होते. साक्षी आता बापाच्या खांद्याला लागली आहे. गोलूच्या शर्टावर शाळेचा बिल्ला. बापानं हातातली फुलं साक्षीला दिली. ती फोटोसमोर गेली आणि थांबली.

"बाबा, ह्या नव्हत्या त्या."

बाप गोंधळला. "ह्याच आहेत वं. ठेव फुलं."

"नाही. त्या दुसऱ्या होत्या."

बापानं फोटोकडे निरखून पाहिलं आणि मग त्यालाही खात्री वाटेना. त्यानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, ह्याच होत्या ना?" मी मान हलवली.

साक्षीनं फुलं टेबलावर ठेवली. पुढे वाकून फोटोच्या काचेवर आपला तळहात आडवा ठेवला, नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलं जाईल असा. वर फक्त डोळे राहिले. ती बराच वेळ बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "ह्याच."

"मले पाहू दे," गोलू मागून म्हणाला. तिनं काचेवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्याला पुढे ओढून आपल्याजवळ घेतलं.