माझ्या प्रबंधातलं एक वाक्य

मानववंशशास्त्रातल्या डॉक्टरेटसाठी मी घाटनांदूरजवळच्या एका गावात वर्षभर राहिले. विषय होता लोकसंख्या, विकास आणि पाणी. मी याच जिल्ह्यातली. माझी आई लग्नाआधी ऊस तोडायला जायची, त्यामुळं इथली माणसं मला आपसूक कळतील अशी माझी समजूत होती.

गावात ऊसतोडीला जाणारी एक बाई होती, पदरी चार मुली. माझ्या फॉर्मात आधी मुलं किती ते विचारायचं होतं, मग पाणी किती लागतं ते. शेंगा फोडत ती उत्तरं देत होती. मधेच थांबली.

"मॅडम, माझ्या लेकी किती पाणी पितात ते तुमी लिहिताय. आमी तोडतो त्या उसाला किती लागतं, ते कावून न्हाई इचारत?"

मी ते जसंच्या तसं उतरवलं. मार्गदर्शक सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "हा एका बाईचा राग आहे, पुरावा नाही. तक्ता काय सांगतो ते लिहा."

तक्ता सांगत होता की मोठ्या कुटुंबांना टंचाई जास्त सोसावी लागते. मी लिहिलं, मोठी कुटुंबं हे टंचाईचं कारण आहे. या दोन्हींत काय फरक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मला पदवी हवी होती.

पदवी मिळाली, नोकरीही लागली. काही वर्षांनी त्याच गावात पाण्याच्या योजनेची सभा झाली, मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. अधिकाऱ्यानं माझं ते वाक्य वाचून दाखवलं. ऊसतोड्यांच्या वस्तीत कुटुंबं मोठी आहेत, तिथं आधी कुटुंब नियोजनाची शिबिरं, नळ पुढच्या टप्प्यात, असं त्यानं जाहीर केलं.

मागं बायकांत ती बसलेली. उठून उभी राहिली.

"मॅडम, मी असं म्हणलते का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग सांगा की ह्यांना."

मी सांगितलं. वाक्य चुकीचं आहे आणि चूक माझी आहे, हेही सांगितलं. अधिकाऱ्यानं अदबीनं ऐकून घेतलं आणि पुढचा विषय काढला. विद्यापीठाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं, तर मान्य झालेल्या प्रबंधात बदल करता येत नाही असं उत्तर आलं. वस्तीला अजून नळ नाही.

यंदा तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला. मी पिशवीतून वही काढली तशी म्हणाली, "ती आत ठिवा. नुसतं बसायचं असंल तर बसा."

मी बसले. ती धाकटीच्या शाळेबद्दल थोडं बोलली. पाण्याबद्दल एक शब्द काढला नाही.