कांबळेचा कप्पा

प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलं, की खात्रीनं सांगता येतील असे निष्कर्ष थोडेच उरतात. किस्से मात्र फ्रीजमध्ये मावेनासे होतात. चाकणच्या आमच्या लॅबमधले हे काही. आठवणीत चूक असेल, तर ती माझीच.

*

पेशी एकमेकींना प्रथिनांमार्फत निरोप पाठवतात. रक्तात ती किती आहेत, हे मोजणारी किट आम्ही तपासतो. प्लेटच्या कप्प्यात प्रथिन चिकटतं, रंग येतो. जितका गडद, तितकं जास्त.

आमचा टेक्निशियन कांबळे हे गेटवरच्या सिक्युरिटीला समजावत होता. "निरोप मधल्या मध्ये पकडायचा, बस!"

"म्हंजी फोन टॅप करता व्हय?"

*

एकदा एकाच नमुन्याचे सकाळी आणि दुपारी दोन वेगळे आकडे आले. क्लायंटनं विचारलं, "खरा कुठला?"

कांबळे म्हणाला, "दुपारचा, साहेब. सकाळी चाकणच्या ट्रॅफिकमधून आलो होतो, हात थरथरत होता!"

सगळे हसले. मी थेंब मोजून टाकायची पिपेट तीनदा तपासायला लावली.

*

प्रथिन फारच जास्त असलं, तर कधी कधी उलट रंग फिका येतो. आमच्या ज्युनिअर वैशालीनं असा एक नमुना दहापट पातळ केला, तर आकडा चढला!

"पाणी घातल्यावर वाढणारं मी फक्त दूध पाहिलंय!" इति कांबळे.

तेव्हापासून मी कमी आकड्यांनाही घाबरतो.

*

नवं किट आलं, की 'नॉर्मल' म्हणून स्टाफनंच रक्त द्यायचं, ही आमची पद्धत. कांबळे कायम पहिला. "घ्या, रहाटणीचं रक्त! एकदम नॉर्मल!"

त्या वेळी प्रत्येकाचं रक्त दोन-दोन कप्प्यांत घातलं. बाकी सगळे कप्पे फिके, त्याचे दोन्ही गडद.

वैशाली म्हणाली, "सर, दोन्हीत सारखंच आलंय. जुन्या किटवर करून बघू?"

"मला ना ताप, ना खोकला!" कांबळे दंड फुगवत म्हणाला. "किट खोटं बोलतंय, राव!"

मलाही पटलं. सगळ्यावर शंका घेणारा मी, त्या दिवशी फक्त किटवर घेतली. 'नापास' लिहून सही केली.

*

चार महिन्यांनी त्याला भेटायला रहाटणीला गेलो. आजार रक्ताचा निघाला होता, आणि बराच पुढे गेलेला. शर्ट अंगावर लोंबत होता. वहिनींनी चहा ठेवला.

वहिनी आत गेल्यावर कांबळेनं माझा हात धरला.

"सर, ते किट बरोबर होतं. पास करून टाका!"