मस्टरवर नसलेला केरू

नावांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तीनशे माणसांचं मस्टर हातात असलं की ते आपोआप साठतात, दारामागच्या खुंटीवर कपडे साठतात तसे. ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. कोण कधी आला, कोण कधी गेला, कोणाची किती रजा उरली, हे लिहायचं काम. एकदा रद्दीवाल्याकडे आडनावांच्या अर्थांचं एक जुनं पुस्तक मिळालं. 'अ'पासून 'ख'पर्यंतची पानं उंदरांनी खाल्लेली, पण 'ग'पासून पुढे मी एकदम पंडित! दिसेल त्याला धरून त्याचं मूळ सांगायचा मला नादच लागला.

आणि या पंडिताचं स्वतःचं नाव होतं केरू. केर म्हणजे कचरा, त्यातला केरू. कंपनीत हे कोणाला कळू नये म्हणून मी जिवाचं रान करायचो. मस्टर माझ्याच हातचं, त्यात 'के. बी. राणे' एवढंच. नोकरीला लागतानाचे कागद माझ्याच कपाटात आणि किल्ली माझ्याच खिशात. कोणी विचारलंच तर 'के' म्हणजे किरण. सगळे मला किरण म्हणायचे आणि मी ओ द्यायचो!

*

माझ्या पांडित्याचा पहिला बळी आमचे फोरमन सरनोबत. "सरनोबत म्हणजे घोडदळाचा प्रमुख! तुमच्या रक्तात घोडा आहे साहेब," असं मी त्यांना कॅन्टीनमध्ये चारचौघांत सांगितलं. तोवर त्यांनी घोडा जवळून पाहिला होता तो फक्त लग्नाच्या वरातीत. पण त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली.

पुढच्या महिन्यात जुहूला डिपार्टमेंटची पिकनिक गेली. वाळूत भाड्याचे घोडे उभे होते. सरनोबतांनी एकावर टांग टाकली, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि टाच मारली. घोडा सरळ पाण्याकडे निघाला. लाट बघून घोडा थांबला, सरनोबत थांबले नाहीत.

सोमवारी उजवा हात प्लास्टरमध्ये घालून ते माझ्या टेबलाशी आले. रजेचा अर्ज मलाच भरावा लागला.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू, साहेब?"

"लिही," ते म्हणाले, "आडनाव."

*

टूलरूममधला आंतोन परेरा माझा जिवलग. मरोळ गावठाणातला, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, घरात मराठीच बोलणारा ख्रिस्ती. त्याला मी सांगितलं, "परेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत नासपतीचं झाड. तुमची बाग असणार रे कधीतरी!"

"कसली बाग? आमच्या वाडीत ताड आहेत," आंतोन म्हणाला. "बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने स्वतःचं आडनाव देऊन टाकलं, ते आमचं झालं. भेट आलेलं लुगडं ते. अर्थ नाय बघायचा, नेसायचं!"

पण गप्प बसेन तर मी कसला? अंधेरीच्या बाजारातून चार नासपती घेऊन मी थेट त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईपुढे ठेवून अख्खं व्याख्यान दिलं. म्हातारीने शांतपणे ऐकलं, एक फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि मुलाला म्हणाली, "ह्या असल्या बेचव फलासाठी आपलं जुनं नाव सोडलं काय रं आपण?"

*

स्टोअर्समधले एस. रामनाथन तामिळ. नवीन कार्डं भरताना त्यांनी मला परोपरीने समजावलं की आमच्यात आडनाव नसतं. 'एस' म्हणजे वडील, सुब्रमण्यन.

"आडनावाशिवाय माणूस असतो होय?" असं म्हणून मी आडनावाच्या रकान्यात ठोकून दिलं, 'सुब्रमण्यन'. रकाना रिकामा राहिलेला मला बघवत नसे.

वर्षभराने त्यांना बढती मिळाली. पत्र पोस्टाने मुलुंडला घरी गेलं. वर पत्ता, 'श्री. सुब्रमण्यन'. घरात त्या नावाचा माणूस एकच होता, पंचाहत्तरीचा. त्यांनी पत्र उघडलं, दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र वेष्टी नेसून, छत्री घेऊन थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये हजर!

"कंपनीने माझा विचार केला, मी आभारी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पण या वयात मला स्टोअर्सचे जिने चढवणार नाहीत."

मोठ्या साहेबांनी त्यानंतर मला आत बोलावून जे काही म्हटलं, त्यात माझं आडनाव सोडून बरीच नावं होती.

*

घरी तरी मी सुधारावं? तेही नाही. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. मी महिनाभर अभ्यास करून लिहिलं, 'मृणालिनी'. माहेरची ती शकुंतला, शकू.

घाटकोपरच्या भाजी मार्केटात एकदा चुकामूक झाली. मी कोथिंबिरीच्या टोपल्यांमधून ओरडत सुटलो, "मृणालिनी! अगं मृणालिनी!" दोन परक्या बायकांनी वळून बघितलं. माझी बायको चार पावलांवर पाठमोरी उभी राहून वांगी निवडत होती. शेवटी "शकू!" म्हणालो, तेव्हा वळली.

"तुम्ही होय? मला वाटलं, कोणाची तरी बायको हरवली."

आणि घरी येता येता म्हणाली, "स्वतःचं नाव लपवता ते लपवता, वर माझं बदलता!"

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

गेटवरच्या वॉचमनला, पांडेजींना, मीच नियम घालून दिला होता. बाहेरचं कोणीही आलं की आधी टाइम ऑफिसला इंटरकॉम करायचा, आत तो माणूस आहे याची खात्री करायची, मगच रजिस्टरात नोंद आणि मगच गेट. नियम म्हणजे नियम.

एक दिवस सकाळी अकराला इंटरकॉम वाजला. समोर मोठे साहेब बसलेले, शेजारी सरनोबत, दारात आंतोन.

"राणेसाब, एक माताजी आयी है. केरू को पूछ रही है. केरू राणे."

आई! गावाहून दोन दिवस आधीच आलेली. शकू माहेरी गेलेली, घराला कुलूप. शेजाऱ्याने तिला माझ्या कंपनीचा पत्ता देऊन रिक्षात बसवून दिलं असणार. हे सगळं मला एका क्षणात कळलं. पुढच्या क्षणी मी तिघांच्या तोंडांकडे बघितलं आणि बोललो, "केरू? नाही. असा कोणी नाही आपल्याकडे."

फोन ठेवला. साहेब तासभर हलले नाहीत. मी मस्टरच्या एकाच पानाकडे बघत बसलो होतो.

जेवणाचा भोंगा झाला तसा धावत सुटलो. मागोमाग आंतोन, काय झालं ते बघायला. गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली आई बोचक्यावर बसली होती. मांडीवर कोकमांची पिशवी. मला बघून उठली नाही.

"फोनात तुझोच आवाज होतो मां, केरू?" तिने विचारलं.

मला लाज वाटत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती नावाची नव्हती.

"ह्याचं नाव केरू?" आंतोन चाट पडला. "माय, असं नाव का ठेवलं?"

"चार पोरां गेली माझी," आई त्याला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "ह्यो पाचवो. जल्मलो तसो केराच्या सुपात ठेवलो. म्हटला, देवाक वाटांदे, केर असा, कित्याक न्हेऊचो? आणि जितो रवलो हो." मग माझ्याकडे वळली. "देवापासून लपवूक ठेवलेलां नाव मेल्या, तां तू माणसांपासून लपवतस?"

आंतोनने तिचं बोचकं उचललं. मी तिचा हात धरला आणि गेटपाशी आलो. पांडेजी आडवे उभे होते. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि कानामागचं पेन काढून दिलं.

'कोणास भेटायचे' या रकान्यात मी लिहिलं, 'केरू बाबाजी राणे'. पूर्ण, ठळक. 'नाते' या रकान्यात लिहिलं, 'आई'.

पांडेजींनी ते बोट ठेवून वाचलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग इंटरकॉम उचलला.

"रुकिए साब. ऐसा कोई आदमी अंदर है क्या, टाइम ऑफिस से पूछ लेता हूँ."

आत, माझ्या टेबलावर, घंटी वाजायला लागली.