भिंतीपलीकडचा पाळणा

बर्मिंगहॅमला आमची आणि शेजारची भिंत एकच होती, आणि तिच्यातून रोज दुपारी दोन वाजता एकच गाणं यायचं. सोल आणि डिस्कोच्या जमान्यातलं, चौघा पुरुषांनी मिळून गायलेलं, त्या काळी म्हणे इथे घरोघरी वाजलेलं. शेजारच्या बाई मूळच्या जमैकाच्या, बस कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. त्या गाण्याची छोटी रेकॉर्ड लावून त्या घरभर व्हॅक्यूम क्लीनर फिरवायच्या. मला नववा महिना, त्यात स्वभाव तिखट. एकदा मी लाटण्याने भिंत ठोकली. त्यांना वाटलं, मी ताल धरतेय. त्यांनी आवाज वाढवला.

मुलगी झाली. बाळंतपणाला आई यायची होती, तिचा व्हिसा नाकारला गेला. नवरा रजा घेऊन वरण-भाताचा कुकर लावत होता, पण मला आई हवी होती. मी दिवसदिवस रडायचे. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई सूपचं पातेलं घेऊन आल्या आणि मग रोज येत राहिल्या. बाळाला मांडीवर घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "यू स्लीप, लव्ह." मी खरंच झोपायचे. त्या झोपेचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळणा आई फोनवरून म्हणणार होती, कारण आलेल्या दोन्ही मैत्रिणी सॉफ्टवेअरवाल्या, पहिल्या ओळीपुढे कुणाचीच गाडी जाईना. माझी नणंद भारतात, म्हणून बाईंनाच आत्या केलं. त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे मैत्रिणींनी त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. ही रीत त्यांना आधी सांगायला आम्ही साफ विसरलो होतो. माझं काय चुकलं, असं त्या घाबरून विचारायला लागल्या. समजूत घालता घालता आमची हसून मुरकुंडी वळली.

मग स्पीकरवर आईने सुरुवात केली. दीड ओळ झाली आणि तिला रडू फुटलं. ते काही थांबेना. पोरीचं बारसं आजीविना होतंच, आता पाळण्याविनाही होणार होतं.

बाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि त्यांचं ते दुपारचं गाणं म्हणायला लागल्या, निम्म्या लयीत, खालच्या पट्टीत. बाळ टकमक बघत राहिलं.

"कोण गातंय गं?" आईने विचारलं.

"शेजारच्या बाई."

जरा वेळाने तीही त्या चालीवर जो जो म्हणू लागली. फोनवरचा आवाज थोडा मागून यायचा, दोघींचं एकदाही जमलं नाही, पण थांबलं कुणीच नाही.

गाणं संपल्यावर आई म्हणाली, "त्यांची ओटी भर."

मी फोन उचलून कानाला लावला. "आई, अगं त्यांचे मिस्टर नाहीत."

"माहितेय मला. भर तू."

मी तांदूळ आणि नारळ आणला. बाईंनी कार्डिगनची दोन टोकं पुढे धरली आणि हे कशाबद्दल म्हणून विचारलं. आईकडून आहे, एवढंच मला सांगता आलं. बाबा गेल्यापासून आईने स्वतःची ओटी कुणालाही भरू दिली नव्हती.