आण्णांचं ‘साकु’

आण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी कात्री असायची. इचलकरंजीत मागावर वीस वर्षं काढून ते राजारामपुरीत शिलाईचं दुकान चालवायचे आणि रविवारी आम्हाला कडे चढायला शिकवायचे.

स्लिंग म्हणजे खडकाला गुंडाळून दोर अडकवायची नायलॉनची पट्टी. आण्णा प्रत्येक स्लिंग गालावरून फिरवत. लव उठलेली लागली, रंग उडालेला दिसला किंवा एक टाका जरी सुटलेला असला, की कानडीत म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे. आणि लगेच कात्री. आमचा जीव तळमळायचा. एकदा मी चिडून म्हणालो, "आण्णा, धड होती की."

"तुला धड दिसत्या. नुसती टाकली तर कोनतरी उचलतंय. दोन तुकडं केलं की न्हाय उचलत."

नव्वदच्या दशकात घेतलेली माझी पहिली निळी स्लिंगही त्यांनी अशीच गालाला लावली. "साकु." मी त्यांचा हात धरला. पहिल्या कड्याची आठवण आहे, घरी भिंतीवर लावतो म्हणालो. आण्णांनी पट्टी पुन्हा एकदा गालावरून फिरवली. मग कात्री खिशात गेली. "शोभंला ठेव. डोंगरावर न्हाय." त्यांनी कुणाचं ऐकलं असेल तर ते एकट्या माझं, याची मला फुशारकी वाटली. मूर्ख होतो मी.

दोन हजार साल उलटल्यावरची गोष्ट. माझा जोडीदार सुनील कड्यावर जायच्या घाईत घरी आला. मी कामावर होतो. एक स्लिंग कमी पडतेय म्हणाला, तर आईनं खिळ्यावरची निळी काढून दिली, वर चार लाडू बांधून दिले. दुपारी तीच एक खडकाला गुंडाळून तो दोरावरून उतरायला लागला. ती तुटली. सुनील गेला.

त्याला खाली आणायला आण्णा आणि मी गेलो होतो. निळे तुकडे आण्णांनी खिशात घातले. चौथ्या दिवशी ते घरी आले. आईनं दारातच विचारलं, "मी दिलेली पट्टी तर न्हवं तुटली?"

"न्हाय अक्का," आण्णा म्हणाले. "तुमची शाबूत हाय. तुटली ती माझी पिवळी. मी दिलती त्याला."

गावभर तेच झालं. सुनीलच्या वडलांनी दुकानासमोर उभं राहून शिव्या घातल्या. आण्णा मान खाली घालून शिवत राहिले. पुन्हा एक पोरगं त्यांच्याकडं शिकायला गेलं नाही. मी गप्प होतो, आईसाठी गप्प आहे असं स्वतःला समजावत. एकदा न राहवून दुकानात गेलो. म्हणालो, "आण्णा, खरं काय ते सांगतो सगळ्यांना."

"काय सांगनार? कात्री माझ्या हातात हुती. कापायची हुती, न्हाय कापली." त्यांनी मशीनचं चाक फिरवलं. "साकु आता."

काही वर्षांनी आण्णा वारले. मी मातीला निघालो, तर आई दारात आडवी आली. "सोन्यासारखं पोरगं घालवलं त्या मानसानं," म्हणाली. "तू कशाला चाललायस?"

मी चप्पल पायात घातली आणि बाहेर पडलो.